सगळ्या गोळ्या खाली-डावीकडे: एका नवशिक्या नेमबाजाचं प्रकरण

ताईंनी पहिल्याच दिवशी जुन्या टार्गेटांची गुंडाळी सोबत आणली होती. ती टेबलावर उलगडून कडा हाताने दाबून धरल्या आणि म्हणाल्या, "सर, चार वेळा जाऊन आले. बघा, सगळ्या इथेच." इथेच म्हणजे घड्याळात सात वाजतात त्या बाजूला. काही गोळ्या काळ्या वर्तुळाच्या कडेला, बऱ्याचशा पांढऱ्यात, आणि भोकं मोजली तर काही कागदावर आल्याच नव्हत्या.

वय ५२, हात उजवा, डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा. पिस्तूल ९ मिमीचं, दाजींचं, म्हणजे बहिणीच्या यजमानांचं. दाजी स्वतः हौशी नेमबाज, शिकवायला त्यांनीच घेतलं होतं. अंतर पहिल्या दिवसापासून १५ मीटर. त्यांचा सल्ला सरळ होता: "खाली-डावीकडे जातंय ना, मग थोडं वर-उजवीकडे धरा." ताई तसं धरत होत्या आणि गोळ्या तरीही खालीच जात होत्या. शेवटी दाजी त्यांना माझ्याकडे घेऊन आले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

यात एक चूक ताईंची होती, एक दाजींची आणि दोन माझ्या. एकीच्या आड दुसरी लपली होती, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिला तास

उजव्या हाताचा नेमबाज आणि गोळ्या खाली-डावीकडे, एवढं ऐकलं की शिकवणारा झोपेतही सांगेल: ट्रिगर हिसकला जातोय. नेमबाजीच्या पुष्कळ रेंजवर भिंतीला एक गोल तक्ता चिकटवलेला असतो. वर्तुळाच्या फाका पाडलेल्या, प्रत्येक फाकेत एक दोष: इथे गोळी गेली तर मनगट वाकलं, तिथे गेली तर बोट जास्त आत. मीही मनातल्या मनात तो तक्ता काढला आणि कामाला लागलो.

बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर ठेवा. पकड अजून वर घ्या. डाव्या हाताने घट्ट धरा. श्वास अर्धा सोडून थांबा. पुढच्या साइटकडे, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीकडे, बघा. वीस मिनिटांत पाच सूचना दिल्या. त्यातली एकही चुकीची नव्हती, पण कागद आधीपेक्षा वाईट दिसायला लागला. पहिल्या दहा गोळ्यांत निदान एक दिशा तरी होती. आता भोकं चहूकडे होती.

तेव्हा पहिल्यांदा मी कागदावरची नजर काढून ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ट्रिगर दाबताना त्यांचे ओठ हलत होते. माझ्या सूचना त्या मनात क्रमाने म्हणत होत्या, आणि पाचवीला पोचेपर्यंत हात थकून थरथरायला लागत होता. पिस्तूल उचलल्यावर पहिल्या काही सेकंदांत हात जेवढा स्थिर असतो तेवढा नंतर राहत नाही. सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर नळी समोरच ठेवून हात खाली घ्यावा, दम खावा, पुन्हा उचलावं. त्या मात्र पंधरा-वीस सेकंद ताणून धरत होत्या, कारण मी दिलेली यादीच तेवढी लांब होती. माझी पहिली चूक ही.

त्या तक्त्याबद्दल इथेच सांगून टाकतो. तो मुळात एका हाताने पिस्तूल धरणाऱ्या, टार्गेटच्या मध्यावर सावकाश नेम धरणाऱ्या नेमबाजांसाठीचा आहे. ऑलिंपिकमधली १० मीटर एअर पिस्तूल आणि २५ मीटर पिस्तूल या स्पर्धा आजही एकाच हाताने खेळल्या जातात. दोन हातांच्या पकडीत बळाच्या दिशा बदलतात. शिवाय पिस्तुलाच्या साइट बरोबर बसवलेल्या आहेत, हे त्या तक्त्याने धरूनच चाललेलं असतं. या प्रकरणात नेमकं तेच धरून चालणं नडलं, पण ते कळायला दोन आठवडे गेले.

रिकामी "टक"

थोडी विश्रांती घेतली. मग मॅगझिन मी भरलं, ताईंकडे पाठ करून. खऱ्या काडतुसांच्या मधेमधे डमी काडतुसं घातली. डमी म्हणजे काडतुसाच्याच मापाचं, पण दारू आणि कॅप नसलेलं, प्लॅस्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं. कितवं डमी आहे हे झाडणाऱ्याला माहीत नसतं. "काही करायचं नाही, नेहमीसारखं झाडा," एवढंच सांगितलं.

पहिली गोळी गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या वेळी नुसती "टक" झाली आणि पिस्तुलाचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं.

"अगं बाई!" ताई म्हणाल्या. चार फेऱ्यांत चार माणसांनी त्यांना "तुम्ही दचकता" असं सांगितलं होतं आणि त्यांनी ते कधी मानलं नव्हतं. मानावं तरी कसं? खरी गोळी सुटते तेव्हा धक्का पिस्तूल वर उडवतो आणि आधी खाली दाबलेलं त्यात बुडून जातं. झाडणाऱ्याला ते दिसतच नाही. डमीने फक्त धक्का काढून घेतला, मागे उरलं ते त्यांचं स्वतःचं.

आणि त्याच क्षणी त्या आश्चर्याने माझ्याकडे वळल्या, हातातल्या पिस्तुलासकट.

मी उजव्या खांद्याच्या मागे, हात पोचेल एवढ्या अंतरावर उभा होतो, म्हणून मनगट धरून नळी तिथल्या तिथे समोर वळवता आली. बोट ट्रिगरबाहेर होतं. मॅगझिनमध्ये मात्र अजून खरी काडतुसं होती. नवशिक्यांच्या बाबतीत मला धक्क्याची किंवा पकडीची भीती वाटत नाही, या वळण्याची वाटते. "हे का नाही उडालं?" असं विचारायला माणूस तोंड फिरवतो, आणि तोंडाबरोबर खांदे, खांद्यांबरोबर हात फिरतात. तेव्हापासून मी पहिल्या पाच मिनिटांतच रिकाम्या हातांनी सराव घेतो: मी मागून नाव घेऊन हाक मारतो, त्यांनी टार्गेटकडे बघतच उत्तर द्यायचं. पोरखेळ वाटतो, पण अंगवळणी पडतो.

डमीच्या सरावाचा एक तोटाही आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. नवशिक्याला "टक" झाली की लगेच स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची सवय लागते. खरं काडतूस न उडता "टक" झाली तर ते उशिरा पेटण्याची शक्यता असते, म्हणून नळी समोर ठेवून तीस सेकंद थांबायचं असतं. त्यामुळे डमी असो वा नसो, प्रत्येक "टक"नंतर थांबायचं हा नियम मी पहिल्यापासून लावतो. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर झाडणं तिथेच बंद. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटू शकते.

दचकणं कुठून येतं

ताईंना मी जे समजावलं ते असं. ट्रिगर सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मोजकेच मिलिसेकंद लागतात. माणसाला काही जाणवून स्नायू हलेपर्यंत दीडशे ते दोनशे मिलिसेकंद जातात. म्हणजे धक्क्याला उत्तर म्हणून हाताने काहीही केलं तरी ते गोळी गेल्यावरचं. गोळी खाली जाते ती आधीच केलेल्या तयारीमुळे. "आता होणार" हे शरीराला ठाऊक असतं, आणि त्या "आता"ला ते डोळे मिटून, खांदे आकसून, मनगट खाली दाबून सामोरं जातं. शरीराच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नाही. स्फोट जवळ होणार असेल तर अंग आकसून घेणं शहाणपणाचंच आहे.

म्हणून "दचकू नका" असं सांगून दचकणं जात नाही. ज्याला शरीर घाबरतंय ते कमी करावं लागतं.

धक्क्याच्या आधी मी आवाजाकडे गेलो. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो, ९ मिमीचा १६०च्या आसपास असतो. असा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो. ताईंच्या कानांवर आवाज अडवणारे मफ होते, आत फोमचे इअरप्लगही होते. वरवर सगळं ठीक. जवळ जाऊन पाहिलं तर मफची गादी चष्म्याच्या जाड काडीवर टेकून उचलली गेली होती, फट दिसत होती, आणि इअरप्लग अर्धे बाहेर होते. प्लग असा नुसता दाबून बसत नाही. बोटांत वळून सुरकुत्या न पडता बारीक काडीसारखा करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज बदलल्यासारखा वाटतो. ताई मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "मी विहिरीतून बोलतेय का?"

हे मी पहिल्याच मिनिटाला तपासायला हवं होतं. दुसरी चूक ही, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा मोठी. सूचनांचा भडिमार करून मी फक्त एक तास वाया घालवला. कान तर ताई चार फेऱ्यांपासून उघडे घेऊन येत होत्या आणि मी पाचवी त्यात मिळवली.

मग धक्का. ९ मिमीची गोळी साधारण साडेसात-आठ ग्रॅमची असते, .२२ची, म्हणजे त्याहून बारीक नळीच्या पिस्तुलाची, अडीच ग्रॅमच्या थोडी वर. वेगात फार फरक नसतो, त्यामुळे .२२चा धक्का तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. दाजींचं पिस्तूल ठेवून दिलं आणि रेंजचं .२२ ताईंच्या हातात दिलं. दाजी बाकावरून म्हणाले, "त्याची सवय लागली तर हे परत जड जाईल." पुष्कळांना असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. दोनशे वेळा दचकून झाडलं तर दचकण्याचाच दोनशे वेळा सराव होतो.

.२२ची मूठही बारीक होती, हा फायदा वेगळाच. दाजींच्या पिस्तुलाच्या मुठीत काडतुसांची दुहेरी रांग, त्यामुळे ती रुंद; ताईंचं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम टोकानेच पोचायचं, आणि ते पोचवायला त्या अख्खी मूठ फिरवून घ्यायच्या. "पहिलं पेर ठेवा" ही माझी सूचना त्यांना त्या पिस्तुलावर पाळताच आली नसती.

कोरा कागद

टार्गेट उलटं लावलं. समोर नुसता पांढरा कागद, अंतर ५ मीटर, आणि एका वेळी एकच काडतूस. मधला काळा गोल दिसला की नवशिक्या "आत्ता बरोबर आलंय, पटकन!" म्हणून ट्रिगर ओढतो. गोलच नसला की पटकन करायला कारण उरत नाही.

सूचना एकच: पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत मधोमध दिसत राहू द्या आणि ट्रिगरवरचा दाब हळूहळू वाढवत राहा. कधी सुटेल ते पिस्तुलाला ठरवू दे.

"हात हलतो त्याचं काय?" ताईंनी विचारलं. प्रश्न नेमका होता, म्हणून कागदावर आकडा काढून दाखवला. पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर १६० मिमी धरा. हात थरथरून अख्खं पिस्तूल एक सेंटीमीटर सरळ बाजूला सरकलं, तर गोळीही एकच सेंटीमीटर सरकते, मग अंतर कितीही असो. पण पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर जरी एका अंगाला झुकली, तर ७ मीटरवर गोळी ४४ मिमी बाजूला जाते आणि १५ मीटरवर ९४ मिमी. हाताची थरथर दिसते म्हणून माणूस तिला भितो. तो मिलिमीटर दिसत नाही, आणि ट्रिगर हिसकल्यावर बिघडतो तोच.

त्या दिवशी ४० गोळ्या झाडल्या, जवळपास तितक्याच डमी. दर वेळी "टक" झाली की पुढची साइट जागेवर राहिली की नाही हे ताईंनीच सांगायचं, मी नाही. सुरुवातीला "हलली, हलली, हलली." मग एकदा "नाही हलली", ते थोडं अविश्वासाने. शेवटच्या पाच गोळ्या तळहाताखाली झाकता आल्या. कागदावर त्या कुठे लागल्या ते आम्ही पाहिलंच नाही, फक्त एकमेकींपासून किती लांब एवढंच पाहिलं. निघताना हात थंड पाण्याने साबण लावून धुवायला लावले. काडतुसांतलं शिसं बोटांवरून पोटात जातं.

गोळ्या वर-उजवीकडे गेल्या

दुसऱ्या आठवड्यात .२२वर ७ मीटर झाले. मधलं वर्णन करण्यासारखं काही नाही. तोच सराव, थोड्या कमी डमी. तिसऱ्या आठवड्याला मुठीच्या मागची बदलता येणारी पट्टी कमीत कमी जाडीची बसवून दाजींचं ९ मिमी पुन्हा हातात दिलं. पाच गोळ्या. ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, पहिल्यांदाच सुरेख, मुठीएवढा. आणि बसला होता मध्यापासून तीन-चार सेंटीमीटर वर, उजवीकडे.

ताईंचा चेहरा उतरला. "आता उलटं झालं."

तक्ता म्हणाला असता, आता तळहाताची टाच जास्त दाबता. एव्हाना मी शहाणा झालो होतो. पिस्तूल घेतलं, वाळूच्या पिशवीवर हात टेकवला आणि स्वतः पाच गोळ्या झाडल्या. त्याही वर-उजवीकडे, तिथेच.

बाकावरून दाजी उठले. "मी मागची साइट थोडी फिरवली होती," ते म्हणाले. "त्यांच्या गोळ्या खाली-डावीकडे जात होत्या म्हणून."

मागची साइट ज्या दिशेला न्याल त्या दिशेला गोळी जाते. दाजींनी ती वर आणि उजवीकडे नेली होती. म्हणजे चार फेऱ्या ताई दचकून खाली दाबत होत्या, साइट गोळ्यांना वर-उजवीकडे ढकलत होती, शिवाय दाजींच्या सांगण्यावरून नेमही त्या वर-उजवीकडे धरत होत्या. आणि तिन्ही मिळून कागदावर "खाली-डावीकडे" उमटत होतं. मूळ दोष कागदावर दिसत होता त्याहून कितीतरी मोठा होता. दचकणं कमी झालं तसा लपलेला दुसरा दोष वर आला. दाजींचा हेतू चांगलाच होता, आणि खरं सांगायचं तर मीही वर्षानुवर्षांपूर्वी कुणासाठी तरी हेच केलेलं आहे. ग्रुप जमेपर्यंत साइटला हात लावू नये, एवढं मात्र आता मी कुणालाही सांगतो. पाच गोळ्या पाच दिशांना असतील तर साइट कशाच्या मानाने फिरवणार?

साइट मूळ जागी आणली. पुढच्या पाच गोळ्या मध्यावर आल्या, आडव्या रेषेत जवळ-जवळ, पण उभ्या रेषेत लांबलेल्या. वर-खाली, वर-खाली.

हे कोडं ताईंनीच सोडवलं. मी बाजूने मोबाइलवर चित्रण केलं होतं, ते बघता बघता त्या म्हणाल्या, "मी मान अशी का वर करते?" प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं दिसण्याचा भाग काचेच्या खालच्या अंगाला असतो. पुढची साइट स्पष्ट दिसावी म्हणून त्या हनुवटी उचलून काचेच्या खालच्या भागातून बघत होत्या, आणि दर वेळी थोडी कमी-जास्त. त्या वयात डोळ्याला हाताच्या अंतरावरचं स्पष्ट दिसायला मदत लागतेच, आणि तशीही मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट ही तिन्ही एका वेळी स्पष्ट कुणालाच दिसत नाहीत. स्पष्ट हवी ती पुढची; टार्गेट धुरकट चालतं. त्यांच्याकडे कॉम्प्युटरसाठी केलेला जुना, एकाच नंबरचा चष्मा होता. पुढच्या वेळी तो घालून आल्या, वर रेंजचा सुरक्षा-चष्मा. मान सरळ राहिली. त्या चष्म्याच्या काड्या बारीक होत्या, मफही नीट बसले.

माझ्याकडची पाचवी फेरी

९ मिमी, अंतर १० मीटर, दहा गोळ्या, डमी नाही. आता एक अट नवी होती. प्रत्येक गोळीनंतर, कागद न बघता, ती कुठे गेली असेल ते सांगायचं. साइट शेवटच्या क्षणी कुठे होती हे ज्याने पाहिलं असेल त्यालाच हे सांगता येतं. डोळे मिटले असतील तर येत नाही.

"मध्ये. मध्ये. थोडी उजवीकडे. मध्ये. मध्ये. वर असेल जराशी."

सातव्या गोळीनंतर त्या काही क्षण बोलल्या नाहीत. पिस्तूल समोरच, बोट बाहेर, नजर टार्गेटवर.

"सर, ही खाली-डावीकडे गेली. मी दाबली."

कागद जवळ आणला तेव्हा नऊ भोकं एका बशीत मावतील अशी होती आणि एक खाली, सात वाजता. दाजींनी तो कागद मागितला. ताईंनी दिला नाही.

पन्नास गोळ्यांच्या पुढे गेलं की दचकणं अजून परत येतं, म्हणून सध्या पेटी पन्नासला बंद करतो.